गॅलॉडेट विद्यापीठातील नेतृत्वाचा वाद : १९८८ आणि २००६

प्रस्तावना :

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट विद्यापीठ ही कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी स्थापन झालेली जगातील अग्रगण्य संस्था होय. या विद्यापीठाचे कामकाज अठरा वर्षांच्या अंतराने दोन वेळा ठप्प झाले आणि दोन्ही वेळा कारण एकच होते, ते म्हणजे अध्यक्षाची निवड. अमेरिकी विद्यापीठातील अध्यक्षपद स्थूलमानाने आपल्याकडील कुलगुरूपदासारखे आहे. मात्र तेथे कुलपती नसतो; अध्यक्षाची नेमणूक विश्वस्त मंडळ करते व अध्यक्ष त्या मंडळालाच उत्तरदायी असतो. विश्वस्त मंडळात कोण बसतो या प्रश्नाला त्यामुळे असाधारण महत्त्व येते.

१९८८ च्या आंदोलनाविषयी बरेच लिहिले गेले आहे व अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतील एक निर्मळ विजय म्हणून ते सांगितले जाते. २००६ च्या वादाची गोष्ट तितकी सरळ नाही, म्हणूनच ती उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांना अधिक विचारप्रवण करणारी आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही घटनांची पार्श्वभूमी, त्यांचा क्रम आणि त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या अमेरिकी धर्मोपदेशकाने लॉरां क्लेर या कर्णबधिर फ्रेंच शिक्षकाच्या साहाय्याने १८१७ साली हार्टफर्ड येथे कर्णबधिर मुलांची शाळा सुरू केली. क्लेर यांनी पॅरिसहून आणलेली खुणांची भाषा आणि तेथे जमलेल्या मुलांच्या स्वतःच्या खुणा यांच्या मिश्रणातून आजची अमेरिकन सांकेतिक भाषा विकसित झाली. थॉमस यांचे धाकटे पुत्र एडवर्ड मायनर गॅलॉडेट यांच्या आई सोफिया फाउलर या स्वतः कर्णबधिर होत्या, त्यामुळे ही भाषा त्यांना घरातच मिळाली. एमॉस केंडॉल यांनी दिलेल्या जागेवर वॉशिंग्टनमध्ये उभ्या राहिलेल्या शाळेचे प्रमुखपद १८५७ साली त्यांच्याकडे आले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. पुढे १८६४ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी स्वाक्षरी केली. १९८६ मध्ये या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग प्रारंभापासूनच अमेरिकी काँग्रेसच्या अनुदानातून चालत आला आहे.

या प्रगतीला समांतर असा एक उलटा प्रवाहही होता. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असा ठराव केला की, कर्णबधिर मुलांना खुणांनी न शिकविता ओष्ठवाचन व उच्चार यांच्या आधारे, म्हणजे मौखिक पद्धतीने शिकवावे. ज्यांच्या भाषेचे भवितव्य तेथे ठरत होते त्यांचा केवळ एक प्रतिनिधी त्या परिषदेत होता. एडवर्ड गॅलॉडेट यांनी ठरावाला विरोध केला. परंतु पुढील सुमारे ऐंशी वर्षे जगभरच्या कर्णबधिर शाळांवर त्या ठरावाची छाया राहिली. वर्गात हात हलविणाऱ्या मुलांना शिक्षा होणे ही अनेक देशांत नित्याची बाब झाली. कर्णबधिर शिक्षकांची संख्या घटली, कारण उच्चार शिकविण्याचे काम ऐकू न येणाऱ्याने कसे करावे, असा प्रश्न पुढे करण्यात आला.

खुद्द गॅलॉडेटमध्ये खुणांची भाषा टिकून राहिली, पण तिला 'भाषा' मानण्यास तेथील अध्यापकही तयार नव्हते. इंग्रजीचे प्राध्यापक विल्यम स्टोको, जे ऐकू येणारे होते व १९५५ मध्ये तेथे रुजू झाले होते, त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या खुणांना स्वतंत्र घटकरचना व व्याकरण आहे असे दाखवून दिले. १९६५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह या भाषेचा कोश सिद्ध केला. सुरुवातीला सहकाऱ्यांकडून त्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. मात्र आपण बोलतो ती इंग्रजीची मोडकी नक्कल नसून एक पूर्ण भाषा आहे, ही जाणीव विद्यार्थ्यांच्या पुढील पिढीत रुजली. १९८८ च्या उद्रेकाची बौद्धिक पूर्वतयारी येथे सापडते.

या संशोधनपरंपरेचा महाराष्ट्राशीही संबंध येतो. गॅलॉडेटमध्ये शिकलेले भारतीय कर्णबधिर अभ्यासक मदन वसिष्ठ यांनी जेम्स वुडवर्ड आदी अमेरिकी भाषावैज्ञानिकांसह १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासाला आरंभ केला. दिल्ली, कलकत्ता, बंगलोर यांच्याबरोबर मुंबईच्या कर्णबधिरांच्या भाषेचाही त्यांनी वेध घेतला. मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच निघाली होती. म्हणजे खुणा शंभर वर्षे वापरात होत्या. त्यांची भाषा म्हणून नोंद मात्र तेव्हा होऊ लागली.

१९८८ : 'आता कर्णबधिर अध्यक्ष'

१८६४ पासून १९८७ पर्यंत या संस्थेला सहा अध्यक्ष लाभले व ते सर्व ऐकू येणारे होते. यामागे निव्वळ पूर्वग्रह होता असे म्हणणे अपुरे ठरेल. १८९१ मध्ये संस्थेत जो अध्यापक प्रशिक्षण विभाग निघाला तो ऐकू येणाऱ्या पदवीधरांसाठी होता. दुसरे अध्यक्ष पर्सिव्हल हॉल हे त्याच विभागातून आले व १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे पदावर राहिले. नेतृत्वाची शिडीच अशी बांधली गेली होती की तिच्या पहिल्या पायरीवर कर्णबधिर व्यक्तीला पाय ठेवता येऊ नये.

१९८७ मध्ये अध्यक्ष जेरी ली यांनी पद सोडले. तोपर्यंत कर्णबधिर पीएच.डी.धारकांची संख्या लक्षणीय झाली होती. अंतिम यादीत तीन नावे राहिली : लुइझियाना राज्याच्या कर्णबधिर शाळेचे प्रमुख हार्वी कोर्सन, विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखेचे अधिष्ठाता आय. किंग जॉर्डन आणि उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील संकुलातील उच्चपदस्थ एलिझाबेथ झिन्सर. पहिले दोघे कर्णबधिर होते. डॉ. झिन्सर यांना ऐकू येत होते. खुणांची भाषा त्यांना अवगत नव्हती आणि कर्णबधिरांच्या शिक्षणाचा अनुभवही नव्हता. १ मार्च रोजी कर्णबधिर अध्यक्षाच्या मागणीसाठी मोठी सभा झाली. तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यासह अनेक राजकीय नेत्यांनी या मागणीला लेखी पाठिंबा दिला होता.

रविवार, ६ मार्च रोजी विश्वस्त मंडळाने डॉ. झिन्सर यांची निवड केली. ही वार्ता मंडळाच्या सदस्यांनी समक्ष येऊन न सांगता छापील पत्रकाद्वारे संकुलात पोहोचविण्यात आली. संतप्त विद्यार्थी, मंडळाची बैठक चालू होती त्या मेफ्लॉवर हॉटेलवर चालून गेले. तेथे त्यांच्या प्रतिनिधींशी बोलताना मंडळाच्या अध्यक्षा जेन बॅसेट स्पिलमन यांच्या तोंडी एक वाक्य आले. ऐकू येणाऱ्यांच्या जगात वावरण्यास कर्णबधिर अद्याप सिद्ध झालेले नाहीत, असा त्याचा आशय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. आपले वाक्य दुहेरी नकाराचे होते व दुभाष्याने त्याचा उलटा अर्थ लावला, असा खुलासा श्रीमती स्पिलमन यांनी नंतर केला. तो खरा मानला तरी मूळ अडचण उरतेच. कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचे नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीला अनेक वर्षांनंतरही विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी दुभाषी लागत होता. एका नकाराच्या भाषांतरावर विद्यापीठाची शांतता अवलंबून असणे हीच विद्यार्थ्यांची तक्रार होती, असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या बसगाड्या फाटकांसमोर आडव्या लावून त्यांच्या चाकांतील हवा सोडली. मागण्या चार होत्या. डॉ. झिन्सर यांनी पद सोडावे व कर्णबधिर अध्यक्ष नेमावा. श्रीमती स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा. एकवीस सदस्यांच्या मंडळात फक्त चार कर्णबधिर होते, तेथे कर्णबधिरांचे बहुमत व्हावे. आणि आंदोलकांवर सूडबुद्धीने कारवाई होऊ नये. मंडळाने त्या फेटाळल्या. त्या दुपारी व्यायामशाळेत श्रीमती स्पिलमन बोलण्यास उभ्या राहिल्या असता हार्वी गुडस्टाइन या कर्णबधिर प्राध्यापकांनी मंचावर जाऊन विद्यार्थ्यांना खुणांनी नकाराची बातमी सांगितली व सभागृह रिकामे होऊ लागले. कोणीतरी आगीची घंटा सुरू केली. या गोंगाटात बोलणे अशक्य आहे, असे अध्यक्षा म्हणाल्या. समोरच्या श्रोत्यांना तो गोंगाट ऐकू येत नव्हता.

पुढील घटना वेगाने घडल्या. ग्रेग हिलबॉक, टिम रारस, ब्रिजेटा बोर्न आणि जेरी कोव्हेल हे चार विद्यार्थी आंदोलनाचे नेतृत्व करीत होते. चौघांचेही आईवडील कर्णबधिर असल्याने खुणांची भाषा ही त्यांची मातृभाषा होती. ९ मार्चला अध्यापकवर्गाने प्रचंड बहुमताने चारही मागण्यांना पाठिंबा दिला. त्याच रात्री राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर हिलबॉक, डॉ. झिन्सर आणि ऑस्कर पुरस्कारप्राप्त कर्णबधिर अभिनेत्री मार्ली मॅटलिन यांची चर्चा झाली. डॉ. जॉर्डन यांनी आधी मंडळाच्या निर्णयाला पाठिंबा दिला होता. तो त्यांनी १० मार्चला जाहीरपणे मागे घेतला. त्याच दिवशी रात्री डॉ. झिन्सर यांनी राजीनामा दिला. ११ मार्चला हजारोंचा मोर्चा कॅपिटॉलवर गेला. १३ मार्च रोजी डॉ. जॉर्डन यांची अध्यक्षपदी निवड झाली, श्रीमती स्पिलमन यांच्या जागी फिल ब्रॅव्हिन हे कर्णबधिर विश्वस्त आले आणि उरलेल्या दोन मागण्याही मान्य झाल्या. आठवड्याच्या आत आंदोलन संपले. डॉ. झिन्सर यांच्याविषयी एवढे नमूद करणे न्याय्य होईल की त्यांनी अट्टहास केला नाही व विद्यार्थ्यांच्या भावनेचा मान राखून त्या बाजूला झाल्या. पुढे त्या इतर विद्यापीठांच्या प्रमुखपदी गेल्या.

मधली अठरा वर्षे :

डॉ. जॉर्डन यांना वयाच्या एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात बहिरेपणा आला होता. त्यांचे इंग्रजी भाषण सफाईदार होते व खुणांची भाषा त्यांनी प्रौढपणी आत्मसात केली होती. १९८८ मध्ये हा मुद्दा फारसा कोणी काढला नाही. २००६ च्या संदर्भात ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

याच काळात कर्णबधिर समाजाची घडण बदलत होती. १९७५ च्या अमेरिकी कायद्यानंतर अनेक कर्णबधिर मुले स्वतंत्र निवासी शाळांऐवजी सर्वसाधारण शाळांत जाऊ लागली. निवासी शाळा या केवळ शाळा नव्हत्या. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या मुलांना खुणांची भाषा तेथेच समवयस्कांकडून मिळत असे. कॉक्लिअर इम्प्लांट या शस्त्रक्रियेने बसविल्या जाणाऱ्या श्रवणसाधनाला अमेरिकेत १९८४ साली प्रौढांसाठी व १९९० साली मुलांसाठी मान्यता मिळाली. त्यामुळे गॅलॉडेटमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्यांत खुणांची भाषा घरातून आणणारे, ती विद्यापीठात येऊन शिकणारे आणि बोलण्यावर विसंबणारे असे भिन्न गट दिसू लागले. इंग्रजीत वैद्यकीय अर्थाने 'डेफ' हा शब्द लहान अक्षराने लिहितात आणि भाषिक व सांस्कृतिक समूहाचा सदस्य या अर्थाने मोठ्या अक्षराने. देवनागरीत असा भेद दाखविण्याची सोय नाही. आपल्याकडे 'मूकबधिर' हा शब्द मागे पडून 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला, त्यात 'मूक' नाही हे मान्य झाले. पण भाषिक समूहाची कल्पना त्याही शब्दात नाही. २००६ च्या वादाचा एक पदर याच भेदाशी निगडित होता.

२००६ : दुसरा वाद

डॉ. जॉर्डन यांनी २००६ च्या अखेरीस निवृत्त होण्याचे जाहीर केले. १ मे २००६ रोजी विश्वस्त मंडळाने प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुख, डॉ. जेन फर्नांडिस यांची निवड केली. डॉ. फर्नांडिस जन्मतः कर्णबधिर असून त्यांच्या आईही कर्णबधिर होत्या. मात्र त्या बोलण्याच्या पद्धतीने वाढल्या व खुणांची भाषा त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी शिकली. निवड जाहीर होताच विद्यार्थ्यांनी निदर्शने सुरू केली, संकुलात तंबू उभारले आणि मे महिन्यातच अध्यापकांनी अविश्वासाचा ठराव संमत केला.

आपण 'पुरेशा कर्णबधिर' नाही म्हणून विरोध होत आहे, असे डॉ. फर्नांडिस यांचे म्हणणे होते. बाहेरच्या वृत्तपत्रांनी हेच स्पष्टीकरण उचलून धरले, कारण ते एका वाक्यात सांगता येत होते. आंदोलकांनी ते सातत्याने नाकारले. त्यांचे आक्षेप वेगळे होते. प्रोव्होस्ट म्हणून डॉ. फर्नांडिस यांची कार्यशैली सहकाऱ्यांना दुरावणारी होती. २००० साली त्या पदावर त्यांची नेमणूक होताना अध्यापकांना विश्वासात घेतले गेले नव्हते. अध्यक्षपदाची निवडप्रक्रिया पारदर्शक नव्हती. अंतिम यादीत वांशिक विविधता नव्हती. मावळत्या अध्यक्षांनी आपल्या पसंतीचा उत्तराधिकारी लादला. ऐकू येणाऱ्या कोणत्याही विद्यापीठात हेच आक्षेप कोणालाही परिचित वाटले असते. तरीही ओळखीचा प्रश्न वादात अजिबात नव्हता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विद्यापीठाने सर्व प्रकारच्या कर्णबधिरांना, मग त्यांनी इम्प्लांट बसविलेले असो वा खुणा न शिकलेल्या असोत, सामावून घ्यावे, असे डॉ. फर्नांडिस म्हणत. या भूमिकेत काहींना औदार्य दिसले, तर काहींना खुणांच्या भाषेच्या उरलेल्या एकमेव घरातून तिची होणारी हकालपट्टी. ज्या भाषेसाठी जगात दुसरे विद्यापीठच नाही, तिच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांची भीती अनाठायी होती असे सहज म्हणता येत नाही. आणि डॉ. जॉर्डन यांना जे विचारले गेले नव्हते ते डॉ. फर्नांडिस यांना विचारले जात होते, हेही खरे.

ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांनी हॉल स्मारक इमारत ताब्यात घेतली. ही इमारत ज्यांच्या नावाची, ते पर्सिव्हल हॉल म्हणजे वर उल्लेखिलेले दुसरे अध्यक्ष. त्यानंतर फाटके बंद करण्यात आली. याच संकुलात कर्णबधिर मुलांची प्राथमिक व माध्यमिक शाळाही आहे, त्यांचेही वर्ग थांबले. १३ ऑक्टोबरच्या रात्री अध्यक्ष जॉर्डन यांच्या आदेशाने पोलिसांनी १३० हून अधिक आंदोलकांना अटक केली. बंद फाटकांमुळेच अठरा वर्षांपूर्वी ज्यांना अध्यक्षपद मिळाले, त्यांनीच बंद फाटकांसमोर पोलीस बोलाविले. डॉ. जॉर्डन यांच्या बाजूने सांगायचे तर १९८८ ची नाकेबंदी आठवड्यात संपली होती व तिच्यामागे जवळजवळ सारा समाज होता. २००६ मध्ये मे महिन्यापासून विद्यापीठ अस्थिर होते आणि शाळकरी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. पण कर्णबधिर व्यक्तीला बेड्या घालणे म्हणजे तिचे बोलणे बंद करणे होय. अटकेचा आदेश देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते असे मानता येत नाही. अटकेने विरोध अधिक भडकला. तीन दिवसांनी झालेल्या मतदानात ८२ टक्के अध्यापकांनी डॉ. फर्नांडिस यांनी पद सोडावे अथवा त्यांना दूर करावे, असे मत दिले.

२९ ऑक्टोबर रोजी विश्वस्त मंडळाने डॉ. फर्नांडिस यांची नेमणूक, त्यांनी पदभार स्वीकारण्यापूर्वीच, रद्द केली. मंडळाचे सदस्य असलेले सिनेटर जॉन मॅकेन यांनी या निर्णयाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, १९८८ च्या तिसऱ्या मागणीमुळे मंडळात कर्णबधिरांचे बहुमत आलेले होते. पहिल्या वादात 'त्यांचे' मंडळ आणि 'आपले' विद्यार्थी अशी सरळ फाळणी होती. दुसऱ्या वादात अध्यक्ष, नियोजित अध्यक्षा, मंडळाचे बहुसंख्य सदस्य आणि आंदोलक हे सारेच कर्णबधिर होते. प्रतिनिधित्वाचा प्रश्न सुटल्यावर कारभाराचा प्रश्न उघडा पडला. विश्वस्तांनी अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे मत किती मानावे याचे उत्तर १९८८ च्या चार मागण्यांत नव्हते आणि तेव्हा ते कोणी मागितलेही नव्हते.

नंतरचे परिणाम :

डिसेंबर २००६ मध्ये मंडळाने रॉबर्ट डाव्हिला यांना अंतरिम अध्यक्ष नेमले. मेक्सिकन वंशाच्या स्थलांतरित शेतमजुरांच्या कुटुंबात जन्मलेले डाव्हिला आठव्या वर्षी कर्णबधिर झाले होते व पुढे अमेरिकी शिक्षण खात्यात उच्च पदावर पोहोचले होते. त्यांच्यापुढील काम कठीण होते. २००६ मध्येच केंद्र सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाने विद्यापीठाच्या कामगिरीला 'परिणामशून्य' असा शेरा दिला होता. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण न करता सोडून जातात, पदवीधरांच्या रोजगाराची स्थिती समाधानकारक नाही, अशी कारणे त्यात होती. वादाच्या धुराळ्यात या शेऱ्याकडे संकुलात कमी लक्ष दिले गेले, असे दिसते. २००७ साली मूल्यांकन संस्थेने, आपल्याकडील नॅकसारखीच तिची भूमिका असते, विद्यापीठाला परिवीक्षेखाली ठेवले. अनुदानाइतकेच पदव्यांचे मोलही त्यामुळे धोक्यात आले.

त्याच वर्षी विद्यापीठाने आपले ध्येयविधान नव्याने लिहिले व अमेरिकन सांकेतिक भाषा आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिक्षण देणारी द्विभाषिक संस्था अशी स्वतःची ओळख स्पष्ट शब्दांत नोंदविली. १८६४ पासून जी गोष्ट व्यवहारात चालत होती पण कागदावर संदिग्ध होती, ती अशा रीतीने दोन आंदोलनांनंतर कागदावर आली. २००८ मध्ये मूल्यांकन पूर्ववत झाले. २०१६ च्या जानेवारीत रॉबर्टा कॉर्डानो या विद्यापीठाच्या पहिल्या कर्णबधिर महिला अध्यक्ष झाल्या.

डॉ. फर्नांडिस २००८ मध्ये उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या ॲशव्हिल येथील संकुलात प्रोव्होस्ट झाल्या आणि २०१४ मध्ये त्याच राज्यातील ग्रीन्सबरो येथील गिल्फर्ड महाविद्यालयाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते महाविद्यालय ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्यांचे आहे. १९८८ साली डॉ. झिन्सर ज्या शहरातून गॅलॉडेटचे नेतृत्व करण्यासाठी निघाल्या होत्या, ते शहर हेच.